सुकतीची वही : प्रकल्प नोंदी

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

माझ्या शाळेतल्या, आता निवृत्त झालेल्या सरांच्या निसर्ग मंडळाचं काम घेतलं. पोरं सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कातळावर जातात, डबक्यांत काय काय दिसलं ते वहीत उतरवतात. अशा बारा वर्षांच्या वह्या सरांच्या माळ्यावर आहेत. त्यातल्या दोन उंदरांनी खाल्ल्या, म्हणून आता वही ऑनलाइन करायची. सध्या मालवणातल्या वायरी, दांडी आणि चिवल्याची मिळून सव्वीस पोरं आहेत. मे महिन्यात चाकरमान्यांची आली की आकडा दुप्पट होतो.

नोंदणीचा अर्ज सरांनी फूटपट्टीने आखून दिला. अकरा रकाने: नाव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता, वाडी, पालकांचं नाव, पालकांचा मोबाईल, मुलाचा व्हॉट्सअॅप नंबर, ईमेल, फोटो, आवडता मासा.

"सर, वाडी कशाला?"

"मग पोर कुठलं ते कळायचं कसं?"

"तुम्हाला तर माहीतच आहे."

"मला माहीत आहे गो, साइटला कुठे माहीत आहे?"

साइटला माहीत कशाला हवं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. पण दुपारचा एक वाजला होता आणि घरी बांगड्याचं तिखलं वाट बघत होतं. अकराच्या अकरा रकाने टाकून अर्ज संध्याकाळपर्यंत चालू केला.

मानधन: दोन पेट्या हापूस, एप्रिलात.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पहिल्या पानाचा मजकूर आला. शेवटची ओळ अशी: "अमेरिका, युरोप आणि आखातातल्या मराठी मुलांसाठी खास सभासदत्व, वर्षाला १५ डॉलर किंवा १५ युरो." सरांच्या मुलीचा मुलगा म्युनिचला, भावाचा नातू न्यू जर्सीला. दोघांनी आजोबांच्या मागे लकडा लावलाय.

ओळ टाकण्याआधी कुडाळच्या वकील मैत्रिणीला फोन केला. सहज विचारावं म्हणून. तासभर गेला.

ती म्हणाली, "पान मालवणात बनलं की म्युनिचात, ते सोड. तू हाक कोणाला मारते आहेस ते बघतात."

हा 'हाक' शब्द तिचाच, पण मला त्यामुळेच सगळं समजलं. युरोपचा डेटा संरक्षण कायदा, ज्याला सगळे जीडीपीआर म्हणतात, २५ मे २०१८ पासून लागू आहे. युरोपात कार्यालय नसलेल्यांनाही तो लागतो, पण दोनच कारणांनी: एक तर तिथल्या लोकांना तुम्ही माल किंवा सेवा देऊ करताय, किंवा त्यांच्या वागण्यावर नजर ठेवताय. तिथून साइट नुसती उघडते एवढ्याने काही होत नाही. मराठी मजकूर, रुपयांत किंमत, आणि म्युनिचचं एक पोर चुकून आलं, तर ती हाक नव्हे. युरोत किंमत लिहिली आणि 'युरोपातल्या मुलांसाठी' असं छापलं की ती हाक झाली. मग युरोपात आपला प्रतिनिधी नेमा इथपासून सुरुवात.

अमेरिकेचंही तसंच. तिथला मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा, कोपा, १९९८ चा. लागू झाला एप्रिल २००० मध्ये. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी पालकांची पडताळलेली संमती हवी. साइट परदेशातली असली तरी ती अमेरिकेतल्या मुलांसाठी असेल, किंवा अशा मुलांची माहिती आहे हे माहीत असूनही ती घेत असेल, तर कायदा लागू. हे नुसतं कागदावर नाही. २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने इनमोबी ह्या जाहिरात कंपनीकडून साडेनऊ लाख डॉलर वसूल केले. बंगळुरूची, नोंदणी सिंगापूरची कंपनी. लोकांनी फोनमध्ये ठिकाण सांगायला नकार दिला तरी आसपासच्या वायफायच्या खुणांवरून ती ठिकाण काढायची, आणि त्यात मुलांची अॅप्सही होती.

मी विचारलं, "आपलं मंडळ नफा कमावणारं नाही ना?"

"कोपातून बहुतेक सुटशील. ना-नफा संस्थांवर त्या कमिशनचा हात साधारणपणे पोचत नाही. जीडीपीआरला नफ्याचं काही पडलेलं नाही. आणि आपल्याकडच्या कायद्यालाही नाही."

आपल्याकडच्या? तो मी वाचलेलाच नव्हता.

ती ओळ साइटवर टाकलेली नाही. सरांना अजून सांगितलेलं नाही.

बुधवार, १० डिसेंबर

सकाळी सातला सरांचा फोन. टीव्हीवर बघितलं, ऑस्ट्रेलियाने आजपासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खाती बंद केली, आपलं काय? आपलं काही नाही. तो कायदा मोठ्या सोशल मीडियासाठी आहे. दंडही, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा, कंपन्यांना आहे. पोरांना किंवा आईबापांना नाही. कुर्ल्यांच्या फोटोंना कोणी हात लावत नाही.

मात्र फोन आलाच होता म्हणून युरोच्या ओळीचं सांगून टाकलं. सर गप्प झाले. मग "बरं" म्हणाले. हे 'बरं' मला शाळेपासून माहीत आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर

काल रात्री लाईट गेली ती साडेअकराला आली. तोवर फोनच्या उजेडात आपला कायदा वाचला: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. नियम गेल्याच महिन्यात अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. सरांना हे कळलं तर ते म्हणणार, दीड वर्ष आहे की अजून. पण अर्ज आज बनतोय. दीड वर्षाने सव्वीसाचे शंभर झाल्यावर तो सोडवायला मलाच बसवतील.

मला अडलेल्या गोष्टी, जशा डोक्यात आल्या तशा:

आपल्याकडे मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं कोणीही. अमेरिकेसारखं तेरा नाही, मधलं काही नाही. माहिती घ्यायच्या आधी आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची पडताळता येण्यासारखी संमती. मुलांचा माग काढणं, वागण्यावर पाळत, त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती, सगळं बंद. शाळांना शिक्षणापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती थोडी सूट आहे, पण आपलं मंडळ शाळा नव्हे. मुलांच्या बाबतीतली कलमं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. मंडळाच्या खात्यात गेल्या आठवड्यात एकोणीस हजार होते.

अठराचा आकडा मला पटलेला नाही. सतराव्या वर्षी इथला पोरगा बापाबरोबर रापणीला जातो, दोरी ओढून हाताला घट्टे पडतात, आणि त्याला कुर्लीचा फोटो टाकायला बापाची सही हवी. पण मला पटून न पटून काय होतंय.

एक गोष्ट मात्र आवडली. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे मराठी ही मेहेरबानी राहिली नाही. मालवणी त्या यादीत नाही, पण सूचनेत एक ओळ मालवणीत टाकणार आहे. त्याला कोणाची मनाई नसावी.

आणि अजून एक. कायदा डिजिटल माहितीला लागतो, आणि कागदावरच्या माहितीला ती नंतर डिजिटल केली तर. म्हणजे सरांचं कपाटातलं रजिस्टर कपाटात आहे तोवर कायद्याबाहेर. स्कॅन केलं की आत. हे लक्षात ठेवायचं.

शनिवार, २७ डिसेंबर

सरांच्या ओटीवर तिन्ही नातवंडं. नाताळच्या सुट्टीत आलीत. पुण्याची नात, म्युनिचचा नातू, न्यू जर्सीचा भावाचा नातू. तिघंही चौदा वर्षांची, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने. समोर सोलकढी आणि उकडलेले करांदे. म्युनिचवाला करांद्याकडे संशयाने बघत होता.

मी म्हटलं, चला, तुमच्यावरच तपासून बघू. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन उभ्या रेघा मारल्या.

न्यू जर्सी: तिथली रेषा तेरा. हा चौदाचा, त्यामुळे कोपाच्या दृष्टीने मूलच नाही. तो खूश.

म्युनिच: युरोपने मूळ आकडा सोळा ठेवला आणि देशांना तो तेरापर्यंत खाली आणायची मोकळीक दिली. जर्मनीने सोळाच ठेवला. तेव्हा ह्याला आईची संमती लागेल. "फ्रान्समध्ये असतास तरी लागली असती, तिथे पंधरा. इटलीत, स्पेनमध्ये असतास तर नसती लागली, तिथे चौदा." तो म्हणाला, मग आपण रोमला राहायला जाऊ. सर म्हणाले, "तुझ्या आयेक विचार आधी."

पुणे: अठरा. अजून चार वर्षं आईबाबांना विचारत बस.

"पण आम्ही तिघं आत्ता इथे बसलोय," पुण्याची म्हणाली. "मग कोणाचा कायदा?"

ह्या प्रश्नाला मी एकटी पुरी पडले नसते. वकील मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती कोणाच्या तरी हळदीकुंकवाला निघाली होती, तरी उभ्या उभ्या बोलली. जीडीपीआर बघतो ते माणूस त्या वेळी युरोपात आहे का. पासपोर्ट बघत नाही. म्युनिचवाला मालवणच्या ओटीवर आहे तोवर त्या कलमाने तो युरोपातला नाही. सहा तारखेला विमानातून उतरला की आहे. आपला कायदा दुसऱ्या टोकाने पकडतो: माहितीवरची प्रक्रिया भारतात होते का. आपला सर्व्हर मुंबईत, बघणारे सर मालवणात. म्हणजे पोर न्यू जर्सीत बसून फोटो टाको की इथे, इकडून भारताचा कायदा लागणारच. त्यावर पोर जिथे असेल तिथला लागला तर लागला.

म्हणजे तिघांनाही अठरा. न्यू जर्सीवाल्याचा चेहरा उतरला. "दॅट्स नॉट फेअर," म्हणाला, आणि सोलकढीचा पेला पुढे केला, अजून द्या म्हणून.

कॅलेंडरचं पान फाडून आणलंय. त्यावर करांद्याचा डाग आहे, पण सगळ्या प्रकल्पात एवढा स्वच्छ तक्ता दुसरा नाही.

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

साइटची साफसफाई. मी फुकटातली जुनी थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, वापरली होती. पान उघडून ब्राउझरमध्ये बघितलं, तर एक पान उघडताना नऊ बाहेरच्या ठिकाणांना निरोप जातात. फॉन्ट एकीकडून, नकाशा दुसरीकडून, व्हिडिओ तिसरीकडून, 'आजचे पाहुणे' मोजणारा आकडा चौथीकडून, बाकीचे कोण ते मलाही ओळखता आले नाहीत. आणि प्रत्येकाकडे पोराचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, जातोय. आपण अर्जात काही न विचारताही.

कोपाच्या २०१३ च्या दुरुस्तीपासून कुकीसारख्या ब्राउझरमध्ये टिकून राहणाऱ्या खुणा, फोटो, आवाज, नेमकं ठिकाण, हे सगळं मुलाची वैयक्तिक माहिती धरतात. यूट्यूबने २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरले ते ह्याच खुणांपायी: चॅनल मुलांचे आहेत हे माहीत असून पालकांना न विचारता त्या गोळा केल्या आणि त्यावर जाहिराती दाखवल्या. गेल्या सप्टेंबरात अॅपिटॉर नावाच्या चिनी खेळणी कंपनीवर कारवाई झाली. मुलांच्या रोबोटचं अॅप होतं. त्यात त्यांनी दुसऱ्या कोणाचा तयार तुकडा बसवला होता, आणि तो तुकडा मुलांचं ठिकाण गोळा करत होता. मी थीम उचलली तशीच गोष्ट.

फॉन्टचं तर मला खोटंच वाटलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये एका न्यायालयाने साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण गूगलचा फॉन्ट त्याच्या सर्व्हरवरून ओढताना वाचणाऱ्याचा आयपी पत्ता तिकडे गेला. न्यायालय कुठलं? म्युनिच. सरांच्या नातवाला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

केलेलं काम: फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर. मोजणारा आकडा काढला. व्हिडिओ सध्या नाहीत. नकाशाच्या जागी सरांनी हाताने काढलेला किनारा स्कॅन करून लावलाय. त्यात सिंधुदुर्ग किल्ला वायरीच्या मानाने फारच मोठा झालाय, पण तो इथे सगळ्यांच्या डोक्यात तेवढाच असतो. आता निरोप बाहेर कुठेच जात नाही. पान उघडायला पूर्वीच्या निम्माही वेळ लागत नाही, दांडीच्या नेटवर्कवरसुद्धा.

शुक्रवार, ९ जानेवारी

वय विचारण्याची चाचणी. भाच्याला बसवलं, सातवीत आहे. "तू अठरा वर्षांचा आहेस का?" ह्यावर त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत 'हो' दाबलं. मग नुसती जन्मतारीख विचारली, का विचारतोय ते न सांगता. त्याने खरी टाकली, पालकांना विचारा असं आलं, मागे गेला, साल १९८० केलं, आत शिरला. माझ्यापेक्षा मोठा झाला. पहिल्या उत्तरानंतर मागचं दार बंद करायला हवं, ते मी केलं नव्हतं.

ओटीपीही व्यर्थ. आईचा फोन पोराच्याच हातात असतो. तोच ओटीपी वाचतो, तोच टाकतो.

रविवार, १८ जानेवारी

अमावास्या. पहाटेची मोठी सुकती, अजून नीट उजाडलं नव्हतं. चौदा पोरं, सर, मी, दोन आया. कातळ पार खालपर्यंत उघडा पडला होता. एका डबक्यात समुद्रकाकडी, काळी, हातभर, तिच्या अंगाला वाळू चिकटलेली. एका पोरीने बोट लावायच्या आधी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली, नको म्हणून. ती वाकून नुसती बघत राहिली, आणि पाण्यात तिचा चेहरा पडलेला, काकडीच्या शेजारी. फोटो कोणीतरी काढला. फार सुंदर आहे. साइटवर जाणार नाही, चेहरा ओळखू येतो.

दुपारी फोटो तपासत होते. सरांनी पोरांना सांगून ठेवलंय, फोटो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे बिघडत नाही. बरोबर आहे, बिघडत नाही. फोटोच्या पोटात फोनने लिहून ठेवलेलंही काही बिघडत नाही. एका फोटोत खुबा होता, शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवलेला. मागे काहीच ओळखीचं नाही. पोटात बघितलं: अक्षांश १६ अंश ३ मिनिटं आणि पुढे सेकंदांचे अपूर्णांक, रेखांश तसाच. ते आकडे नकाशात टाकले तर टाचणी एका घराच्या खळ्यात पडली, तुळशीच्या बाजूलाच. शंख घरी आणून पोराने खळ्यात फोटो काढला होता. सोबत वेळ, पहाटेची. म्हणजे अनोळखी माणसाला सगळं मिळालं: हे पोर ह्या घरात राहतं, आणि अमावास्येला पहाटे एकटं कातळावर जातं.

वाडीचा रकाना त्याच वेळी उडवला. नंतर आठवलं, ह्या फोटोपुढे तो रकाना काहीच नव्हता.

आता फोटो चढताना पोट रिकामं होतं. ठिकाण म्हणून फक्त 'मालवण तालुका' छापतो.

'सलग सात सुकत्या' हा साइटवरचा बक्षिसाचा बिल्लाही काढला. ब्रिटनच्या मुलांसाठीच्या संहितेत पोरांना असं ढोसणाऱ्या युक्त्या वापरू नका म्हणून सांगितलंय, ते मी सरांना वाचून दाखवायला घेऊन गेले होते. गरज पडली नाही. आज आलेल्या दोन आयांनी आधीच सांगितलं होतं, बिल्ल्यापायी पोर अंधारात एकटं कातळावर गेलं तर मंडळाकडे बघून घेऊ.

शनिवार, २४ जानेवारी

संमतीसाठी घरोघर. सहा घरं झाली.

तिसऱ्या घरात आजी. मुलगा भांडुपला, सून नोकरीला, नातू इथे शाळेत. आजीने फॉर्म हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा. "ह्या कित्याक व्हया?" मी सांगितलं. तिने अंगठा पुढे केला, शाई कुठे आहे विचारलं.

आणि मला तो घेता आला नाही. कायद्यात आईवडील किंवा कायदेशीर पालक असं आहे. नातवाला ताप आला तर डॉक्टरकडे नेणारी आजी, शाळेच्या सभेला बसणारी आजी, पण आईवडील हयात असताना नातवाची कायद्याने पालक ती नाही. हे तिला कसं सांगणार? मी म्हटलं, सही त्याच्या बाबाची लागते, सरकारी नियम आहे. "सरकार काय त्याका जेवूक घालता?" आजी आत निघून गेली. चहा मात्र आला.

सहापैकी तीन घरांत हाच प्रकार. किनाऱ्यावरची निम्मी पोरं आजीआजोबांकडे आहेत आणि कायदा आईबाप शेजारच्या खोलीत आहेत असं धरून लिहिलाय. अमेरिकेचाही तसाच, पण त्यांनी निदान वाटा बऱ्याच ठेवल्या: सही केलेला कागद, कार्डावरचा व्यवहार, फोन, व्हिडिओ कॉलवर प्रशिक्षित माणसाशी बोलणं. आपल्या नियमांत पालक प्रौढ आहे ह्याची खात्री करायची. तुमच्याकडे त्याच्या ओळखीची आणि वयाची विश्वासार्ह माहिती आधीच असेल तर तीही चालते, नाहीतर त्याने स्वतः द्यायची, किंवा डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून टोकन, म्हणजे ओळख-वयाची डिजिटल खूण. भांडुपच्या बाबाला फोन लावला. तो म्हणाला, "डिजिलॉकरचा पासवर्ड माझ्या पोरालाच माहीत आहे."

सरांनी उपाय काढला. बाप सरांचाच विद्यार्थी, दहावीचा दाखला सरांच्या सहीचा. ह्याहून विश्वासार्ह माहिती कोणाकडे असणार? होळीला सगळे गावी येतात. तेव्हा समोर बसवून सह्या घ्यायच्या. तोवर त्या तिघा पोरांच्या नोंदी फक्त कागदावर.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ठरलं. पोरांची खाती नाहीत. मंडळाचं एकच खातं, एकच फोन, ठिकाण बंद केलेला. पोर टोपणनावाने लिहितं. टोपणनाव कोणाचं हे सरांच्या रजिस्टरात, रजिस्टर कपाटात. वकील मैत्रिणीने लगेच पाणी ओतलं: टोपणनाव म्हणजे सुटका नाही, तुम्ही पोर ओळखू शकता तोवर ती वैयक्तिक माहितीच, संमती घ्यायचीच. घेतोय म्हटलं.

सगळं आपोआप दिसेल असंही काही नाही. आयर्लंडच्या डेटा आयोगाने २०२२ मध्ये इन्स्टाग्रामला ४०.५ कोटी युरो दंड केला. पोरांची खाती सुरुवातीपासूनच सगळ्यांना उघडी होती आणि व्यवसाय खातं केलेल्या पोरांचे फोन-ईमेल बाहेर दिसत होते. म्हणून आपल्याकडे नोंद आधी सरांकडे जाणार, ते बघून सोडणार.

जुनं किती दिवस ठेवायचं? फोटोची मूळ प्रत तीस दिवस. टोपणनावांचा ताळमेळ दर जूनला नवा, जुनं पान फाडायचं. अमेरिकेच्या नव्या दुरुस्तीतही हेच आहे, माहिती कायमची साठवायची नाही आणि किती ठेवणार ते लिहून ठेवायचं. तिथल्या कंपन्यांना २२ एप्रिलपर्यंत मुदत. आमचं अर्ध्या पानावर झालं.

परदेशातलं सभासदत्व नाही. युरो नाही, डॉलर नाही. वाचायला कोणीही वाचो. मला ह्याचं वाईट वाटतं, पण एका निवृत्त मास्तराला आणि एका बाईला तीन खंडांचे कायदे सांभाळता येत नाहीत. म्युनिचवाल्याने त्यावर स्वतःच तोड काढली. त्याने नदीकाठच्या गोगलगायीचं चित्र काढून आजोबांना टपालाने पाठवलं. सरांनी ते मंडळाच्या फळ्यावर टाचलं. नातवाने आजोबांना पत्र लिहिलं, घरातली गोष्ट.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं. मंडळाच्या मदतनीस मुलीने रजिस्टरचं पान फोनवर काढलं आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. "टोपणनावं बरोबर आहेत का बघा." नाव, टोपणनाव, इयत्ता, वाडी, फोन. एकशे चार जणांचा ग्रुप. त्यात मासळीवाले, रिक्षावाले, कोण कोण आहेत.

मी सकाळी साडेनऊला बघितलं, फोटो आठ चाळीसचा. सगळ्यांसाठी डिलीट करायला लावलं. पण ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरतात त्यांच्या गॅलरीत तो आहेच. दोघांनी तर तोवर नावं दुरुस्त करून, लाल गोल मारून, परत पाठवला होता.

मुलीला रडू आलं. चूक तिची नव्हे. कपाटाला कुलूप लावलं आणि रजिस्टर हाताळणाऱ्याला काहीच सांगितलं नाही, ते आम्ही दोघांनी.

पालकांना मंडळाकडून साधा निरोप गेला: काय झालं, कोणती माहिती, कृपया गॅलरीतून काढा. कायद्याने अजून बंधन नाही. नियम पूर्ण लागू झाल्यावर असं झालं तर पालकांना आणि केंद्राच्या डेटा संरक्षण मंडळाला (आपल्या निसर्ग मंडळाला नव्हे) विनाविलंब कळवायचं, आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत. आम्हाला निरोप लिहायला पाच तास लागले, त्यातले तीन 'दिलगीर' की 'क्षमस्व' ह्यावर.

टोपणनावं सगळी नव्याने द्यावी लागणार. नव्या रजिस्टरात वाडी नाही, फोन नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

साइट चालू. अर्जात दोन रकाने: टोपणनाव, आवडता मासा.

सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. "अकराचे दोन झाले." मी म्हटलं, दुसराही काढू का? "त्याका हात लावायचा नाय."

संध्याकाळपर्यंत एकोणीस नोंदी. पहिली अडचण लगेच आली. मासे मोजणाऱ्या पाटीवर मालवणातल्या पोरांनी 'इसवण' लिहिलं आणि मुंबईहून आलेल्यांनी 'सुरमई'. मासा एकच, पण मतं फुटली, त्यामुळे बांगडा पहिला आलाय. ग्रुपवर भांडण सुरू आहे.

उद्याचं काम: इसवण आणि सुरमई एकत्र मोजणे. पाटीवर नाव कुठलं छापायचं ते सर ठरवतील.